दुनळी, रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? पहिल्या परवान्यावर काय घ्यावे आणि त्यासाठी काय शिकावे लागते

परवाना मंजूर झाल्याचे कळले की बहुतेक जण आधी दुकान गाठतात आणि किंमत विचारतात. त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. हे हत्यार भरलेले आहे की रिकामे, हे मला अंधुक उजेडात, घाईत, दहा सेकंदांत खात्रीने सांगता येईल का? घरात घडणारे बंदुकीचे अनेक अपघात रिकामे समजलेल्या हत्यारातून घडतात. म्हणून इथे तुलना करताना मारा, नेम आणि रुबाब या गोष्टी मागे ठेवल्या आहेत. कोणते हत्यार नवख्या माणसाला लवकर कळते, कोणते त्याला फसवते आणि ते सांभाळायला किती सराव लागतो, हे आधी पाहू.

भारतात सामान्य नागरिकाला मिळू शकणारी हत्यारे तशी मोजकी आहेत. ९ मिमी पिस्तूल, ०.३८ रिव्हॉल्व्हर, ०.३०३ रायफल ही निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला न मिळणाऱ्या मापांत येतात. उरतात ती मुख्यतः १२ बोअरची बंदूक, ०.३२ चे रिव्हॉल्व्हर, ०.३२ चे पिस्तूल आणि ०.३१५ किंवा ०.२२ ची रायफल. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली आहे. हत्याराचा प्रकार परवान्यावर लिहिलेला असतो. तो नंतर बदलायचा तर पुन्हा अर्ज, पुन्हा फेऱ्या. त्यामुळे विचार अर्ज भरतानाच व्हायला हवा.

रायफलचा विषय इथे बाजूला ठेवतो. ०.३१५ ची गोळी काही किलोमीटर जाते. ०.२२ ची गोळी लहान म्हणून लोक तिला खेळणे समजतात, पण तीही सुमारे दीड मैलापर्यंत धोकादायक असते. वस्तीजवळ राहणाऱ्या माणसाने पहिले हत्यार म्हणून रायफल घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सर्वांना सारखे लागू असलेले

चार नियम सगळीकडे शिकवले जातात आणि ते कोणत्याही हत्याराला लागू आहेत. प्रत्येक हत्यार भरलेलेच समजा. ज्यावर गोळी झाडायची नाही त्याच्याकडे नळीचे तोंड नेऊ नका. नेम लागून झाडायचा निर्णय होईपर्यंत बोट चापावर नको, ते चापाच्या कडीबाहेर सरळ ठेवा. लक्ष्य काय आहे, त्याच्या पुढे-मागे काय आहे, हे पाहिल्याशिवाय झाडू नका. यातला एक नियम मोडला तर बाकीचे तीन सावरून घेतात. दोन एकदम मोडले की कुणाला तरी लागते.

हत्यार एकाने दुसऱ्याच्या हाती देण्याची पद्धतही ठरलेली हवी. देणारा ते उघडून, रिकामे पाहून, उघड्या अवस्थेत देतो. घेणारा पुन्हा स्वतः पाहतो. ‘मी आत्ताच पाहिलं’ हे वाक्य इथे चालत नाही. भाऊ देत असो की फौजदार, घेणाऱ्याने पाहायचेच.

आता एकेक हत्यार.

१२ बोअरची दुनळी

दोन नळ्या शेजारी शेजारी, वरची कळ सरकवली की बंदूक मध्ये मोडते आणि दोन्ही नळ्यांची मागची तोंडे समोर येतात. काडतुसे असतील तर त्यांचे पितळी बूड दिसते, नसतील तर नळीतून आरपार उजेड दिसतो. तिसरी शक्यता नाही. मोडलेली बंदूक उडत नाही, हे दहा पावलांवरच्या माणसालाही दिसते. पहिल्यांदाच हत्यार हाती घेणाऱ्यासाठी याहून प्रामाणिक यंत्र नाही.

दुसरा मोठा फायदा साठवणुकीचा. पुढचा लाकडी भाग काढला की नळ्या वेगळ्या आणि दस्ता वेगळा, असे तीन तुकडे होतात. नळ्या एका कपाटात, दस्ता दुसऱ्यात ठेवला तर चोराच्या किंवा मुलाच्या हाती एक तुकडा लागूनही काही होत नाही. रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तुलाला ही सोय नाही.

दुनळी घातक ठरते ती निष्काळजीपणामुळे. सर्वात घातक चूक १२ बोअरच्या बंदुकीत २० बोअरचे काडतूस घालण्याची. २० बोअरचे काडतूस बारीक असते. ते चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या काडतुसाच्या घरात, न थांबता पुढे सरकते आणि नळीत अडकून बसते. मागून पाहणाऱ्याला नळी मोकळी वाटते, म्हणून तो त्यामागे १२ बोअरचे काडतूस भरतो आणि चाप ओढतो. नळी फुटते ती नेमकी पुढचा हात धरलेल्या जागी. म्हणून घरात दोन बोअरची काडतुसे एकत्र ठेवायची नाहीत आणि खिशात तर अजिबात नाहीत.

दुसरी चूक चिखलाची. बांधावर टेकवलेल्या बंदुकीच्या तोंडात माती गेली आणि तशीच झाडली तर नळी फुगते किंवा चिरते. शेतात पडली, टेकली, घसरली की मोडायची, रिकामी करायची आणि नळ्यांतून आकाशाकडे पाहायचे. कुंपण, ओढा किंवा बांध ओलांडण्याआधीही तेच. काडतुसे काढून खिशात, बंदूक मोडलेली, मग उडी.

तिसरी गोष्ट सेफ्टीची. बऱ्याच दुनळ्यांत सेफ्टी फक्त चाप अडवते, आतला घोडा नाही. ताणलेला घोडा धक्का बसून निसटू शकतो. सेफ्टी लावली म्हणून भरलेली बंदूक भिंतीला टेकवून ठेवली, ती घसरून पडली आणि उडाली, असे होण्याचे हेच कारण. बाहेर घोडे असलेल्या जुन्या बंदुकीत दमट अंगठ्याखालून घोडा सुटण्याचा धोका वेगळाच.

दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट नसेल तर धक्का खांद्याच्या हाडावर किंवा दंडावर बसतो. पहिल्या बाराला दुखले की माणूस दुसऱ्या बाराच्या आधीच दचकतो. डोळे मिटतात आणि नळी खाली जाते. यावर उपाय हलक्या भाराच्या काडतुसांनी सुरुवात करणे आणि पहिल्या दिवशी दहापेक्षा जास्त बार न काढणे हा आहे. दोन चापांच्या बंदुकीत पुढचा चाप उजवी नळी उडवतो आणि मागचा डावी. नवख्याने सुरुवातीला एकाच नळीत काडतूस घालावे, म्हणजे धक्क्याने बोट दुसऱ्या चापावर घसरले तरी काही उडत नाही.

छर्रे किती दूर जातात याची कल्पना बहुतेकांना नसते. बारीक ६ नंबरचे छर्रे साधारण २०० मीटरच्या पुढे जाऊन पडतात. एसजीसारखे जाड छर्रे सहाशे मीटरच्या पलीकडे जाऊ शकतात. शेतातून डुकरे हाकलायला बार काढताना पलीकडच्या वस्तीचे अंतर माहीत असावेच लागते. शेती संरक्षणासाठी परवाना मिळाला म्हणजे जनावर मारण्याची परवानगी मिळाली, असा समज गावोगाव आहे. तो चुकीचा आहे. रानडुक्कर असो वा रोही, त्याला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू असतो आणि वनखात्याची परवानगी स्वतंत्र घ्यावी लागते.

पंप अ‍ॅक्शन बंदूकही १२ बोअरचीच, पण तिला दुनळी समजू नका. तिची काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात रांगेने बसतात आणि बाहेरून दिसत नाहीत. चेंबर रिकामे दिसले तरी नळकांड्यात दोन-तीन असू शकतात. पंप मागे-पुढे केला की त्यातले एक वर येते. रिकामी करताना चेंबर आणि नळकांडे दोन्हींत बोट घालून पाहावे लागते. पहिली बंदूक म्हणून दुनळीच बरी.

०.३२ चे रिव्हॉल्व्हर

भारतात सर्वाधिक दिसणारे रिव्हॉल्व्हर म्हणजे कानपूरच्या सरकारी कारखान्याचे, वरून मोडणारे, सहा घरांचे. २०१४ मध्ये ‘निर्भीक’ हे हलके रूप आले. २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबल’मध्ये काडतुसांच्या घरांचे फिरते चक्र बाजूला उघडते. दोन्ही प्रकारांत उघडले की सहाही घरे एका नजरेत दिसतात. आडवे धरून मागून पाहिले तर बंद असतानाही काडतुसांच्या कडा दिसतात, पण त्यावर विसंबू नये. उघडायचे, सहा घरे मोजायची, बोट फिरवायचे.

वरून मोडणारे रिव्हॉल्व्हर उघडताना नवखा हमखास चुकतो. उजव्या हातात मूठ, अंगठ्याने कळ दाबलेली, आणि नळी खाली ढकलण्यासाठी डाव्या हाताचा तळवा थेट नळीच्या तोंडावर. डाव्या हाताने नळी बाजूने धरायची, तळवा तोंडापासून दूर. उघडणे झटक्यात व्हायला हवे. हळू उघडले तर रिकामे टरफल बाहेर पडता पडता काडतुसे बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली अडकते आणि हत्यार ना उघडते ना बंद होते. बंद करताना कळ पूर्ण बसल्याचा आवाज ऐका आणि एकदा ओढून पाहा.

चाप ओढण्याच्या दोन तऱ्हा आहेत. घोडा न चढवता चाप ओढला तर साधारण पाच किलोच्या आसपास जोर लागतो आणि ओढही लांब असते. घोडा आधी चढवला तर दीड-दोन किलोत सुटते. रिव्हॉल्व्हरचा सुरक्षितपणा आहे तो या जड चापात. घोडा चढवला की तो संपतो. घाबरलेल्या माणसाने घोडा चढवला आणि झाडायची वेळ आलीच नाही, तर आता तो चढवलेला घोडा भरलेल्या घरावर उतरवायचा आहे. अंगठा घसरला की गोळी सुटते. म्हणून घराबाहेर-घरात घोडा चढवायचाच नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी. तो रेंजवर चढवा, प्रशिक्षक शेजारी असताना उतरवायला शिका, आणि तेही आधी रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर.

पडण्याचा धोका खरा आहे. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत अभिनेते गोविंदा यांना त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायाला लागली. ते कपाटात ठेवत असताना हातातून पडले आणि गोळी सुटली, असे त्या वेळी सांगण्यात आले. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याचे टोक थेट काडतुसाच्या बुडावर टेकलेले असू शकते. मागून आपटले की ते टोक काडतुसाच्या बुडातली, आघाताने पेटणारी टोपी फोडते. नव्या रचनांत घोड्याला अडवणारा तुकडा असतो, पण झिजलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या हत्यारात तो नीट काम करेलच याची खात्री नसते. म्हणून जुने रिव्हॉल्व्हर घेतल्यास घोड्याखालचे घर रिकामे ठेवायचे, सहाऐवजी पाचच भरायची. कपाटात तर एकही नाही. पडणारे हत्यार झेलायला हात पुढे करू नका. झेलताना बोट चापात जाते. पडू द्या.

झाडताना डाव्या हाताचा अंगठा पुढे, चक्र आणि नळी यांच्या फटीजवळ येता कामा नये. त्या फटीतून दोन्ही बाजूंना तप्त वायू आणि शिशाचे कण उडतात. ०.३२ मध्ये बोट तुटत नाही, पण भाजते आणि चिरते.

रिव्हॉल्व्हरचे आणखी एक बरे आहे. एखादे काडतूस उडाले नाही तर चाप पुन्हा ओढला की पुढचे घर येते. संकटाच्या वेळी हा गुण. सरावात मात्र हाच धोका होतो. ‘खट’ झाले आणि काही उडाले नाही, तर ते काडतूस उशिरा उडू शकते. अशा वेळी नळी लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचे, मग उघडायचे. लगेच पुन्हा चाप ओढला आणि मागचे काडतूस नळीसमोर नसताना उडाले, तर हत्यार हातात फुटते. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, तर त्याहून सावध राहा. गोळी नळीतच अडकली असू शकते. रिकामे करून नळीतून उजेड दिसेपर्यंत पुढचा बार नाही.

०.३२ चे पिस्तूल

सपाट, आटोपशीर, मुठीत बसणारे आठ काडतुसांचे मॅगझिन. ‘अशनी’ हे सरकारी कारखान्याचे पिस्तूल दुकानात दिसते. जुनी परदेशी पिस्तुलेही हस्तांतराने मिळतात. तरुण परवानाधारकाचा ओढा बहुधा याकडे असतो. आणि नवख्या हातात सर्वाधिक फसवणारे हत्यारही हेच.

फसवणूक एका जागी आहे, चेंबरमध्ये. मॅगझिन काढली की पिस्तूल रिकामे झाले असे वाटते. हातात मॅगझिन आहे, त्यात काडतुसे दिसत आहेत, डोळ्यांना पुरावा मिळाला. पण नळीच्या मागच्या घरात एक काडतूस शिल्लक असते आणि ते बाहेरून दिसत नाही. मॅगझिन काढल्यावर चाप अडवणारी सोय काही पिस्तुलांत असते, काहींत नसते. तिच्या भरवशावर कुणी चाप ओढून ‘दाखवू’ नये.

रिकामे करण्याचा क्रम पाठ हवा. आधी नळी सुरक्षित दिशेला आणि बोट कडीबाहेर. मग मॅगझिन काढून खिशात, टेबलावर नव्हे. मग स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, पूर्ण मागे, तीनदा, झटक्याने. बाहेर पडणारे काडतूस पडू द्या. मग स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये पाहा, करंगळीचे टोक घालून चाचपा, आणि मॅगझिनच्या पोकळीतही पाहा. मॅगझिन आणि स्लाइडचा क्रम उलटला, म्हणजे स्लाइड आधी आणि मॅगझिन नंतर, तर चेंबरमधले काडतूस बाहेर पडते आणि स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधले नवे आत जाते. माणसाला मात्र वाटते की आपण सगळे नीट केले. पिस्तुलाचे अनेक घरगुती अपघात या उलट्या क्रमातून किंवा चेंबर न पाहण्यातून घडतात.

बाहेर पडणारे काडतूस तळव्यात झेलायची ऐट काहींना असते. बाहेर फेकण्याच्या खिडकीवर हात ठेवला आणि काडतुसाची टोपी आतल्या धातूच्या टोकावर आपटली, तर ते तळव्यातच फुटते. जमिनीवर पडलेले काडतूस पुसून घेता येते.

अडकण्याच्या तऱ्हाही जास्त. मनगट सैल असेल तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि टरफल खिडकीत उभे अडकते. मॅगझिनच्या ओठांना पोचा असेल तर काडतूस तिरके चढते. दोन काडतुसे एकदम चढू पाहतात तेव्हा आधी मॅगझिन ओढून काढावी लागते. गडबडीत माणूस अडकलेले पिस्तूल पाहण्यासाठी स्वतःकडे वळवतो आणि नळी शेजाऱ्याकडे जाते. रेंजवर प्रशिक्षकाची नजर सर्वात जास्त या क्षणावर असते. तप्त टरफल शर्टाच्या कॉलरमध्ये पडल्यावरही असेच होते. म्हणून रेंजवर गळाबंद कपडे, टोपी आणि चष्मा.

डाव्या हाताचा अंगठा स्लाइडच्या मागे आडवा ठेवणे ही रिव्हॉल्व्हरवरून पिस्तुलाकडे आलेल्यांची खूण. पहिल्याच बाराला स्लाइड अंगठ्याचे सालटे काढते.

आणखी एक इशारा, दोन्ही ०.३२ साठी. रिव्हॉल्व्हरचे ०.३२ आणि पिस्तुलाचे ०.३२ ही वेगळी काडतुसे आहेत. रिव्हॉल्व्हरचे लांब आणि रुंद कडेचे, पिस्तुलाचे आखूड आणि जवळजवळ कडेविना. पिस्तुलाचे काडतूस काही रिव्हॉल्व्हरमध्ये बसल्यासारखे वाटते आणि त्याचा दाब जास्त असतो. डब्यावरचे पूर्ण नाव वाचल्याशिवाय काडतूस घेऊ नका. केवळ ‘बत्तीसची द्या’ म्हणणे पुरेसे नाही.

शेजारी शेजारी

| | दुनळी | रिव्हॉल्व्हर | पिस्तूल |
|---|---|---|---|
| रिकामे आहे हे कळणे | मोडताच दिसते | उघडताच दिसते | पायऱ्या चुकल्या तर फसते |
| नवख्याची नेहमीची चूक | चुकीचे काडतूस, नळीत माती | चढवलेला घोडा | चेंबरमधले काडतूस |
| घरात कुलूपबंद करणे | तुकडे वेगळे ठेवता येतात | उघड्या चौकटीतून कुलूप | खिडकीतून मॅगझिनच्या पोकळीत तारेचे कुलूप |
| पहिल्या दिवशीचे बार | ८ ते १० | २४ ते ३० | ३० ते ४० |
| सराव सुटला तर | थोडे विसरते | नेम बिघडतो | हात क्रम विसरतात |

शेवटची ओळ निर्णायक आहे. काडतुसांचा कोटा परवान्यावर ठरलेला असतो आणि ती स्वस्त नाहीत. महिन्यातून एकदा रेंजवर जाणे जमणार नसेल, तर पिस्तूल घेऊ नका.

प्रशिक्षण कसले घ्यावे

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे अर्जदाराने शस्त्र आणि दारूगोळा सुरक्षेचे प्रशिक्षण पूर्ण करून नमुना एस-१ मधील प्रमाणपत्र द्यायचे असते. हाताळणी, बाळगणे, झाडण्याचे तंत्र, निगा, साठवण आणि वाहतूक हे विषय त्यात येतात. अडचण अशी की प्रशिक्षण बहुधा वर्गात असलेल्या हत्यारावर होते आणि विकत घेतले जाते दुसरेच. दुनळीवर शिकलेल्या माणसाच्या हाती पिस्तूल गेले, तर त्याचे प्रमाणपत्र कायद्याला पुरते, घराला नाही. ज्या प्रकारचे हत्यार घेणार त्याच प्रकारावर शिकवा, असा आग्रह नोंदणीच्या वेळीच धरा.

पोलिसांकडील प्रशिक्षण आणि रायफल क्लब यांत फरक आहे. पोलिसांकडे शिस्त कडक आणि हाताळणी पक्की होते, पण वेळ थोडा आणि तुकडी मोठी. क्लबमध्ये पुन्हा पुन्हा जाता येते आणि चूक दुरुस्त करणारा माणूस शेजारी असतो. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे. पुण्याच्या बालेवाडीत १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारलेल्या संकुलात नेमबाजीची रेंज आहे. क्लबचा भर खेळावर असतो, तुमच्या परवान्याच्या हत्यारावर नाही. तरीही सुरुवात तिथे करावी असेच आम्ही सांगू. ४.५ मिमीच्या, २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. दहा मीटरवर त्याचे दोन महिने केले की चाप सावकाश दाबणे, बोट बाहेर ठेवणे, नळी खाली न नेणे हे सगळे धक्का आणि आवाज नसताना अंगात मुरते.

चांगला वर्ग ओळखायची खूण सोपी आहे. पहिला अर्धा दिवस गोळी झाडायला देत नाहीत. रिकामे हत्यार घेऊन उघडणे, पाहणे, देणे, घेणे हेच शंभर वेळा करून घेतात. पहिला जिवंत बार एकच काडतूस भरून काढतात, मॅगझिन भरून नव्हे. धक्क्याने पुन्हा चाप ओढला गेला तरी दुसरी गोळी सुटू नये, हा त्यामागचा हेतू. पुढे खोटी काडतुसे खऱ्यांत मिसळून भरतात. खोट्यावर चाप ओढताना नळी झपकन खाली गेली, तर माणूस दचकतो आहे हे त्याला स्वतःलाच दिसते. उजव्या हाताने झाडणाऱ्याच्या गोळ्या डावीकडे खाली का पडतात, याचे उत्तर बहुधा तिथेच मिळते. जिथे कानाचे मफ आणि चष्मा न देता थेट हातात हत्यार देतात तिथून परत या. १२ बोअरचा असो वा ०.३२ चा, एकाच बाराचा आवाज कानाला कायमची इजा करू शकतो.

घरी सुका, म्हणजे रिकाम्या हत्याराचा, सराव करताना जिवंत काडतुसे त्या खोलीत असू नयेत. दुसऱ्या खोलीत कुलूपबंद करा, परत येऊन हत्यार पुन्हा पाहा, मग आठवड्यातून दोनदा दहा-दहा मिनिटे सराव करा. सराव संपला की काडतुसे आणून भरताना ‘एकदा शेवटचे’ म्हणून चाप ओढू नका. हा ‘शेवटचा’ चाप बराच कुप्रसिद्ध आहे. दुनळी रिकामी झाडायची तर नळ्यांत स्नॅप कॅप (सरावाची खोटी काडतुसे) घाला, नाहीतर आतली पिन तुटते.

घरात, प्रवासात, पावसाळ्यात

हत्यार एका कुलपात, काडतुसे दुसऱ्यात, किल्ल्या एका जुडग्यात नकोत. चापाला लावायचे कुलूप भरलेल्या हत्याराला कधीच लावू नये, ते बसवतानाच चाप दाबला जातो. मुलांना ‘हात लावू नको’ सांगणे हा बंदोबस्त होत नाही, कपाट बंद असणे हाच बंदोबस्त. घरात कुणी खचलेला असेल, दारूच्या आहारी असेल, तर हत्यार काही काळ परवानाधारक दुकानदाराकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

कोकणात आणि घाटात पावसाळा हत्यार खातो. चामड्याच्या म्यानात ठेवलेले रिव्हॉल्व्हर दोन आठवड्यांत तांबूस होते, कारण चामडे ओल धरते. साठवताना म्यान वेगळे, हत्यार सुती कापडात, शेजारी सिलिका जेलची पुडी. तेलाचा हात हलका असावा. चेंबरमध्ये तेल साचले आणि काडतुसाच्या टोपीत मुरले की ते वेळेला उडत नाही. ओल लागून फुगलेले काडतूस जबरदस्तीने आत दाबू नका, ते बाजूला काढून दुकानदाराला परत द्या. खडकीच्या कारखान्याच्या काडतुसांवर बुडाशी ‘केएफ’ असा छाप असतो. छाप पुसट, बूड हिरवट किंवा टोपीवर ओरखडा दिसला तरी हाच नियम.

सार्वजनिक ठिकाणी हत्यार झाकलेले असावे, पिस्तूल-रिव्हॉल्व्हर म्यानात, बंदूक पिशवीत. हळदीत, वरातीत, निकालाच्या मिरवणुकीत हवेत बार काढणे हा २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकणारा गुन्हा आहे. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येते. निवडणुकीत हत्यार जमा करायचे झाले तर घरीच रिकामे करून, पुन्हा पाहून मगच पिशवीत घाला. ठाण्याच्या टेबलावर काडतुसे काढणे टाळा.

तर कोणी काय घ्यावे

गावात, मळ्यात राहणाऱ्याने दुनळी घ्यावी, दुसरा विचारच नको. कायदाही अशा साध्या नळीच्या बंदुकीला, नळी किमान २० इंच असली तर, इतरांपेक्षा सोप्या वाटेने परवाना देतो. ठासणीची बंदूक वारशाने आलेली असेल, तर ती दुरुस्त करण्यापेक्षा जमा करून दुनळी घेणे शहाणपणाचे. ठासणीत दारूचे माप हाताचे असते आणि बार भरलेला आहे की नाही, हे गज घालून मोजल्याशिवाय कळत नाही.

शहरात, पैशांची ने-आण करणाऱ्याला ०.३२ चे रिव्हॉल्व्हर पुरते. हाताची पकड कमी असलेल्याला जड चाप ओढणे जमते का, हे दुकानात नव्हे, रेंजवर पाहावे. पिस्तूल त्यानेच घ्यावे ज्याने रिव्हॉल्व्हर किंवा एअर पिस्तुलावर वर्षभर सराव टिकवला आहे.

जुने हत्यार घेणार असाल तर दुकानात एवढे कराच. हत्यारावरचा क्रमांक परवान्याशी आणि हस्तांतराच्या कागदाशी अंकन् अंक जुळवा. दुनळीचा पुढचा लाकडी भाग काढून, मिटवलेल्या अवस्थेत नळ्या हलवून पाहा. खुळखुळ जाणवली तर बिजागरी झिजली आहे. नळीत उजेडाकडे पाहताना कुठे काळी कडी किंवा पोचा दिसला तर नको म्हणा. रिव्हॉल्व्हरचा चाप दाबून धरा आणि चक्र बोटांनी हलवा. ते जागचे हलत असेल तर घर नळीसमोर नेमके येत नाही आणि झाडताना शिसे बाजूला उडेल. पिस्तुलाच्या मॅगझिनचे ओठ सरळ आहेत का पाहा, आणि सेफ्टी लावून रिकाम्या पिस्तुलाचा चाप जोरात ओढून, मग बोट काढून सेफ्टी उतरवा. उतरवताना घोडा पडला तर ते पिस्तूल टेबलावर परत ठेवा.